सोमेश्वरचं टाचण

आमच्या शाळेत 'मे आय कम इन सर' हे वाक्य नाही, तो एकच शब्द आहे. दारात आलेलं पोरगं तो एका दमात ओरडतं आणि परवानगी मिळायच्या आत बाकावर जाऊन बसतं. वीस वर्षं मी हे ऐकत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सोमेश्वरला वाटलं. शाळेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं एका पोराला दारापर्यंत परत पाठवलं आणि विचारलं, "तू आत्ता मला काय विचारलंस?" पोराला सांगता येईना. "येऊ का, असं विचारलंस. मग मी 'ये' म्हणेपर्यंत थांब की. मी 'नको' पण म्हणू शकतो." पोरगं चाट पडलं. विचारलं म्हणजे समोरचा नाहीही म्हणू शकतो, ही भानगड त्याला नवीनच होती.

मी भागवत. भूगोल शिकवतो. आष्टी आणि कडा यांच्या मधल्या एका गावात आमची पत्र्याच्या आठ खोल्यांची शाळा आहे, तिथं माझी नोकरी आता संपत आली. स्वभावानं मी तापट. हेडमास्तरांशी भांडतो, शिपायावर ओरडतो, एसटीच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालतो. पण जिथं खरंच ओरडायला पाहिजे होतं, तिथं माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ती गोष्ट सोमेश्वरची आहे.

सोमेश्वर उंच, काटकुळा, मान थोडी पुढं काढून चालणारा. घाई म्हणून कधी नाही. वर्गात येताना, बाजारात जाताना तो असा बाजूबाजूला बघत चालायचा की जणू कुणी मागं राहिलं तर नाही ना, याची त्याला काळजी असावी. त्याचं कारण घरातच होतं. बाप म्हाळू आणि आई बायडाबाई मेंढरं राखायचे. दीडशे मेंढ्या, दोन घोडी, एक कुत्रं. दिवाळी झाली की भीमेच्या काठाकडं निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत यायचं. त्या घरातला हा पहिला बीए, बीएड. इंग्रजी घेऊन!

आमच्याकडं इंग्रजीचा मास्तर म्हणजे पाठांतर करून घेणारा माणूस. कॅन, कुड, मे, माइट, शुड, मस्ट ही पोरांनी पाढ्यासारखी म्हणायची आणि परीक्षा झाली की विसरायची. सोमेश्वर तसं करत नसे. तो फळ्यावर मेंढरांचा कळप काढायचा, अगदी वाईट काढायचा, आणि पुढं एक शेळी. "कळपाच्या पुढं शेळी चालती. लहान असती, पण कळप तिच्या मागं जातो. हे शब्द तसे आहेत. शेळी पुढं, क्रियापद मागं, आणि क्रियापदाच्या शेपटीला काही बांधायचं नाही, एस नाही, ईडी नाही." मग तो वाक्यं सांगायचा आणि प्रत्येक वाक्यात म्हाळू असायचा. 'म्हाळू कॅन काउंट हिज शीप इन द डार्क.' अंधारात मेंढरं मोजणं त्याला जमतं, ती त्याची कुवत. 'म्हाळू मस्ट लीव्ह आफ्टर दिवाळी.' इथं त्याच्या मर्जीचा प्रश्न नाही, गवत संपलेलं असतं, जावंच लागतं. 'म्हाळू मे स्टे इन अवर फील्ड.' आपल्या रानात राहायची त्याला मुभा आहे. पण ती मुभा देणारा दुसरा कुणीतरी आहे, हे तो दोनदा सांगायचा. पावसाचं उदाहरण निघालं की सगळा वर्ग हसायचा. आष्टी तालुक्यात पावसाला 'विल' लावायची कुणाची छाती नाही. 'मे'सुद्धा जपूनच लावायचा.

हा म्हाळू म्हणजे सरांचा बाप, हे पोरांना माहीत नव्हतं. आम्हा दोघा-तिघा मास्तरांना तेवढं ठाऊक होतं.

सोमेश्वर शाळेत लागला कसा, तेही सांगतो. शाळा धोंडीराम अण्णांची. अण्णा जमीनदार, पंचायत समितीत वजन असलेला माणूस. त्यांच्या वीस एकरांच्या रब्बीच्या रानात म्हाळू दरसाल श्रावण-भाद्रपदात मेंढरं बसवायचा. इकडं ही रीतच आहे. पेरणीआधी मोकळ्या रानात जाळीची वाघर लावून मेंढरं रातभर बसवली की लेंडी आणि मूत जिरून रान तयार होतं. मेंढपाळाला त्याबद्दल धान्य मिळतं. किती राती बसायचं, कोणत्या पट्ट्यात बसायचं, हे सगळं तोंडी ठरतं. कागद कुणी काढत नाही. कागद काढला तर समोरच्याचा अपमान केल्यासारखं होतं.

तर पोरगा बीएड झाल्यावर म्हाळू अण्णांकडं गेला. अण्णा म्हणाले, "पोरगं आपलंच हाय. उंद्यापासून यिऊ दे. अनुदान आलं की पयलं नाव त्याचं." म्हाळूनं वाकून नमस्कार केला आणि त्या सालापासून त्यांच्या रानात बसवलेल्या मेंढरांचं धान्य घेणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानंच ठरवलं. पोरानं नेमणुकीचा कागद मागितला नाही, बापानं धान्य मागितलं नाही. आपल्या माणसात असंच असतं, असं दोघांनाही वाटत होतं.

आम्हा जुन्या मास्तरांच्या जागांना अनुदान होतं, पुढं वाढलेल्या तुकड्यांना नव्हतं. विनाअनुदानित तुकडीवर फुकट शिकवणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. सकाळी कड्याला शिकवणी, दिवसभर शाळा, रविवारी बापाच्या मेंढरांमागं. बायको योगिता शिवणकाम करायची, त्यावर घर चालायचं. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "काय, पगार सुरू झाला का?" तर सोमेश्वर म्हणायचा, "होईल." अशी अकरा वर्षं गेली. मधे अण्णा वारले. शाळा त्यांचे चिरंजीव अमरसिंहभैय्यांकडं आली. भैय्यांच्या तोंडात एकच शब्द होता, "बघू." हसतमुखानं म्हणायचे, खांद्यावर हात ठेवून म्हणायचे. माणूस खूश होऊन घरी जायचा आणि घरी गेल्यावर त्याच्या लक्षात यायचं की आपल्या हातात काहीच पडलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात बातमी आली की आमच्या विनाअनुदानित तुकड्या अनुदानाच्या यादीत बसल्या. तपासणीला साहेब येणार, कोण काय शिकवतं ते स्वतः बघणार आणि मग मान्यता. सोमेश्वरनं त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी त्याला म्हणालो, "अरे, आधी काहीतरी लेखी घे." तो म्हणाला, "सर, अण्णांनी आबांना शब्द दिलाय." आबा म्हणजे म्हाळू.

त्यानंतर चारच दिवसांनी हेडमास्तरांनी मला बोलावलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. समोर शिक्षकांचं कोरं हजेरीपत्रक ठेवलं आणि हातात एक कागद दिला. "जुनं रजिस्टर भिजलंय. ही नावं सुवाच्य लिहून द्या." मी लिहायला लागलो. पाचव्या ओळीवर इंग्रजी विषयापुढं नाव होतं संस्कृतीचं. भैय्यांची मुलगी. सोमेश्वरच्या पहिल्या तुकडीतली विद्यार्थिनी, पुढं पुण्याला शिकली, बीएड झाली आणि वर्षभरापूर्वी परत आली होती. रुजू झाल्याची तारीख मात्र सहा वर्षांपूर्वीची. सोमेश्वरचं नाव कागदावर कुठंच नव्हतं. मी हेडमास्तरांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. माझी निवृत्ती जवळ आलेली, पेन्शनचे कागद त्यांच्याच टेबलावरून जायचे. मी पाचवी ओळ लिहिली. चांगल्या अक्षरात लिहिली.

रागानं माझं डोकं फुटत होतं, पण राग कुणाचा येत होता ते मला नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सोमेश्वर एक शंभरपानी वही घेऊन बसलेला दिसला. विचारलं तर म्हणाला, "भैय्यांनी सांगितलंय. तपासणीच्या दिवशी संस्कृतीताई माझा एक तास घेणार आहेत. त्यांना अनुभव पाहिजे म्हणून. पाठाचं टाचण काढून द्यायचंय. त्यांना म्हटलं, मोडल्सच घ्या, कॅन-मे-मस्ट, पोरांचं ते पक्कं आहे." अकरा पानं लिहिली होती. फळ्यावर काय काढायचं, कुठं थांबायचं, कोणत्या बाकावरचं पोर लाजाळू आहे म्हणून त्याला शेवटी विचारायचं, सगळं लिहिलं होतं. शेळीही काढली होती. ही वही त्याची जागा घेणार, हे मला कळत होतं. त्याला सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "अक्षर जरा मोठं काढ, ताईंना वाचता येईल." एवढंच म्हणालो.

तपासणीच्या दिवशी संस्कृती काठपदराची साडी नेसून आली. मुलगी वाईट नव्हती. आल्या आल्या सोमेश्वरच्या पाया पडली. दहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर साहेब, भैय्या, हेडमास्तर, मी आणि कडेला सोमेश्वर असे बसलो. संस्कृतीनं टाचणाप्रमाणं शेळी काढली, ती सोमेश्वरच्या शेळीपेक्षा चांगली आली. म्हाळूची वाक्यं सांगितली. सोमेश्वरचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. ती कुठं अडली की तो नकळत पुढं वाकायचा.

साहेब मात्र खमके निघाले. उठून पुढं गेले आणि पोरांना म्हणाले, "वहीतलं नको. आपल्या घरातलं वाक्य सांगा." पोरं वह्या मिटून बसली. मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. तिनं इंग्रजीतच सांगितलं, माझ्या आईला ऊस तोडायला जावंच लागतं, मार्चमध्ये ती परत येईल. 'येईल'साठी तिनं 'मे' वापरलं. साहेबांनी विचारलं, "इथं 'विल' का नाही म्हणालीस?"

"सर, यील आसं नक्की न्हाई म्हणता येत," मुलगी म्हणाली. "मागल्या साली यप्रिल संपला तरी आली नव्हती. आजीला म्हणायचं आसलं तर मी 'विल' म्हणते. साहेबाला खरं सांगावं."

साहेबांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, "मी इतक्या शाळा बघितल्या, पण असा वर्ग बघितला नाही. यांना इंग्रजी कोण शिकवतं?"

वर्गातली सगळी डोकी एकदम मागं वळली. पस्तीस पोरं सोमेश्वरकडं बघायला लागली. त्यांना काय माहीत, कशाचा खेळ चाललाय. साहेबही त्याच्याकडं बघायला लागले. "तुम्ही शिकवता?"

सोमेश्वर उठून उभा राहिला. तोंड उघडणार तेवढ्यात भैय्या बसल्या जागेवरून हसत म्हणाले, "हे आमची लायब्ररी बघतात साहेब. घरचाच माणूस हाय. इंग्रजी ताईच शिकवतात, सहा वर्षं झाली. काय सोमेश्वर?"

लायब्ररी म्हणजे आमच्याकडं एक कपाट आहे, त्याची किल्ली हरवलेली आहे.

सोमेश्वरनं भैय्यांकडं बघितलं, मग फळ्याजवळ उभ्या असलेल्या संस्कृतीकडं. ती खाली बघत होती. माझ्याकडंही बघितलं. मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग त्यानं मान डोलावली. एकदाच, हळूच, होय अशी. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या वर्गाकडं निघाले. अकरा वर्षांची नोकरी त्या एका मानेत गेली.

व्हरांड्यात संस्कृती त्याला म्हणाली, "सर, पप्पा असं म्हणतील हे मला खरंच माहीत नव्हतं." तो म्हणाला, "पाठ छान झाला. फक्त 'शुड' जरा घाईत उरकलं." ती रडायला लागली. भैय्या मागून आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या टप्प्यात तुझं बघू." तेव्हाही त्यानं मान डोलावली. मला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली. भैय्यांच्या नाही, त्याच्या! माणसाचा राग असाच कमजोराकडं धावतो.

संध्याकाळी मी त्याला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि म्हाळूच्या तळावर घेऊन गेलो. मेंढरं कुठं बसली होती? धोंडीराम अण्णांच्या रानात, आणखी कुठं. ऊन कलायला लागलं होतं. म्हाळू वाघरीच्या मेखा ठोकत होता, बायडाबाई एका लंगड्या कोकराच्या पायाला हळद लावत होती. सोमेश्वरनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"आन् सायबानं तुला काईच इचारलं न्हाई?" म्हाळूनं विचारलं.

"विचारलं आबा."

"मंग?"

"मी मान डोलावली."

म्हाळूचा हात मेखेवर थांबला. बायडाबाईनं कोकरू खाली ठेवलं. "कावून?" ती म्हणाली.

सोमेश्वर मेंढरांकडं बघायला लागला.

"कावून रं, लेकरा? आमी जल्मभर मान डोलावली. पाटील म्हनला डोलावली, फॉरेस्टवाला म्हनला डोलावली. तुला डोलवावी लागू न्हाई म्हून आमी डोलावली." ती ओरडत नव्हती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

माझ्याच्यानं राहवेना. मी म्हणालो, "म्हाळूबाबा, मेंढरं उठवा. आत्ताच्या आत्ता. एक लेंडी पडू देऊ नका यांच्या रानात."

म्हाळूनं माझ्याकडं बघितलं. "एकवीस राती बसतो म्हनलोय, सर. धा झाल्यात."

"अहो, त्यांनी शब्द मोडला!"

"त्येंनी मोडला. म्या न्हाई मोडला."

या म्हाताऱ्याचा मला इतका संताप आला की मी गाडीला लाथ मारली. लागलं मलाच. सोमेश्वरनं मात्र चपला काढल्या, बापाच्या हातातला दगड घेतला आणि राहिलेल्या मेखा ठोकल्या. बायडाबाई कोकरू घेऊन लांब जाऊन बसली. ती त्याच्याशी बोलली नाही. पुढं किती दिवस बोलली नाही, ते मला माहीत नाही.

मेंढरं उरलेल्या अकरा राती बसली. शाळेत सोमेश्वर त्या दिवसानंतर आलाच नाही. स्टाफरूममधली त्याची दोन पुस्तकं मी घरी आणली, ती अजून माझ्याकडं आहेत. त्या वर्षी म्हाळूचे गुडघे धरले, म्हणून दिवाळीनंतर कळप घेऊन सोमेश्वर गेला. तो आताही जातो. अधूनमधून फोन करतो, शाळेचं काही विचारत नाही. त्या साली अण्णांच्या रानात ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. काळीशार, कणसाला कणीस लागलेलं. बांधापलीकडचं दुसऱ्याचं रान पिवळं पडलेलं होतं. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा. मी तिकडून जायचं सोडून दिलं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. तेव्हा माझी मुलगी मोहिनी सातवीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. आता आमच्याच शाळेत दहावीला आहे. परवा ती ओसरीत बसून मोठमोठ्यानं पाठ करत होती. मी पेपर वाचत होतो. कानावर शब्द पडले आणि मी पेपर खाली ठेवला.

"म्हाळू कॅन काउंट हिज शीप इन द डार्क. म्हाळू मे स्टे इन अवर फील्ड. म्हाळू मस्ट लीव्ह आफ्टर दिवाळी."

मी वही मागून घेतली. संस्कृती मॅडमनी सांगितलेलं, मोहिनीनं लिहून घेतलेलं. एक शब्द बदललेला नव्हता. समासात शेळीसुद्धा होती.

"हा म्हाळू कोण गं?" मी विचारलं.

"कुणी नाही ओ बाबा. मॅडमना विचारलं होतं आम्ही. त्या म्हणाल्या, उदाहरणापुरता आहे."

मी वही मिटली. आतून स्वयंपाकाचा वास येत होता, मोहिनी वहीसाठी हात पुढं करून उभी होती. उद्या चाचणी होती तिची. वही देऊन टाकावी, असं फार वाटलं. पण मी तिला खाली बसवलं आणि म्हणालो, "आपल्या शाळेत एक हजेरीपत्रक आहे. त्यात पाचवं नाव आहे. ते नाव मी लिहिलंय."